पलीकडच्या बाईचा हात

उरुग्वायाना, १९ ऑगस्ट १९९८

प्रिय सोलांज,

मी जोवेलिना. तुझ्या आईची आई. उरुग्वायानात पुलापासून चौथ्या गल्लीत निळ्या दाराचं घर आहे, तिथं राहते. ओळख नव्याने करून दिलेली बरी, कारण नाताळानंतर तू इकडे फिरकली नाहीस, आणि नाताळात आलीस तेव्हा छत्री, चष्म्याचं घर आणि एका पायातला मोजा इथंच विसरून गेलीस. आमची नात पलीकडच्या देशात जाऊन दुसऱ्याच्या कोठारातली पूड ग्रॅम-ग्रॅम मोजते म्हणून मी गल्लीभर मिरवते, आणि हिला स्वतःचे मोजे एक की दोन ते सांगता येत नाही. मोजा मी धुऊन ठेवला होता. दुसरा तू हरवला असशीलच, म्हणून आता त्यात लसूण भरून खुंटीला टांगलाय.

हे पत्र झिला लिहितेय. शेजारची, पोस्टातून निवृत्त झालेली. म्हणाली, तुझं बोलणं जरा नीट लावून लिहू का? मी म्हटलं, लाव, पण ऐकताना माझं मला ओळखू आलं पाहिजे. अक्षराशी माझं कधी जमलं नाही हे तुला ठाऊक आहे. शिकायच्या वयात नदीवर लोकांचे कपडे धुतले, पुढे शिकवायला कोणी आलं तेव्हा लाज आडवी आली, आणि लाज गेली तोवर डोळे गेले. म्हणून माझी रीत अशी, की पत्र झिलाने लिहायचं आणि पाकीट बंद करण्याआधी औषधाच्या दुकानातल्या आदेमारने ते मला वाचून दाखवायचं. झिलाला याचा दर खेपेस राग येतो. "पंधरा वर्षं तुझी पत्रं लिहितेय, अजून भरवसा नाही?" मी म्हणते, बाई, भरवसा टिकावा म्हणूनच. उद्या माझ्या मनात किडा वळवळला, की झिलाने भलतंच काही लिहिलं असेल, तर आपलं बोलणं तुटेल. आदेमारने वाचलं की किडा मरतो. ती तोंड वाकडं करते, पण लिहिते. आत्ताही केलं.

तू आठ तारखेला फोन केलास तेव्हा फोन खरखरत होता आणि तू रडत होतीस. दोन्ही मिळून मला जेवढं ऐकू आलं तेवढं मी झिलाला सांगितलं, की सोलांजने मोजलं त्यात पोल्वोचा एक डबा कमी भरला. आता झिला वाढली समुद्राकाठी. तिच्या कानाला पोल्वो म्हणजे आठ पायांचा, माशांबरोबर बाजारात येणारा प्राणी. दोन दिवस ती विचारात होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणते, "जोवेलिना, डब्यातून सुटलं तरी ते जनावर जाऊन जाऊन जाईल किती लांब? आणि दोन सरकारं मिळून ते मोजतात तरी कशाला?" मी हसता हसता खोकले. पलीकडच्या लोकांच्या बोलीत पोल्वो म्हणजे पूड, आणि तू त्यांच्यात वावरून त्यांचेच शब्द बोलायला लागलीस. मग मी तिला समजावलं, ही पूड भिंतीला लावायची नव्हे. हिच्यापासून वीज करतात, आणि कोणाच्या डोक्यात सैतान शिरला तर शहरच्या शहर जाळणारा बॉम्बही करता येतो. झिला म्हणाली, "मग तो प्राणीच बरा होता."

मला कळलं ते असं, चुकत असेल तर सांग. जूनमध्ये तुला पलीकडच्या प्रयोगशाळेत मोजणीला पाठवलं. तिथल्या कोठाराची किल्ली इलारिओकडे. आपला इलारिओ, पुलापलीकडच्या माझ्या मैत्रिणीचा, नेलिदाचा मुलगा. तू रांगत होतीस तेव्हापासून ज्याला मामा म्हणतेस, ज्याने तुला नदीकाठचे दगड फोडून आत काय चमकतं ते दाखवलं, आणि त्या चमकण्यापायी तू एवढं शिकलीस. वहीत डबे होते एक्केचाळीस, मांडणीवर भरले चाळीस. इलारिओ म्हणाला, "सोल, इथंच कुठेतरी असणार, उद्या सकाळी काढून देतो. आज नको लिहूस. आपण एका टेबलावर जेवणारी माणसं." आणि तू लिहिलंस, त्याच संध्याकाळी, दोन्ही देशांकडे जाणाऱ्या कागदावर. डबा चार दिवसांनी शेजारच्या खोलीत सापडला, जुनी चिठ्ठी तशीच चिकटलेली. चोरी नव्हती, नुसता गबाळेपणा. पण तोवर इलारिओला घरी बसवलं होतं आणि दीड महिना चौकशी चालली. आता तो कामावर गेलाय, तर तिथली माणसं त्याच्यासमोर बोटांवर एक्केचाळीसपर्यंत मोजतात म्हणे. आणि तू राजीनामा टाइप करून ठेवलायस. ३१ तारखेला देणार. फोनवर तू मला एकच गोष्ट तीनदा विचारलीस: "आजी, मी एक दिवस थांबायला हवं होतं का?" मी तेव्हा म्हटलं, नीट जेवत जा. तुला वाटलं असेल म्हातारीला कळलंच नाही.

इकडची बातमी अशी, की नेलिदा दोन महिने आलेली नाही. एक रविवार तिने पूल ओलांडून यायचं, एक रविवार मी जायचं, हे तुझ्या जन्माआधीपासूनचं. पुराच्या साली पूल बंद होता तेवढाच खाडा. तिच्याशिवाय पत्ते खेळण्यात राम नाही, कारण झिला लबाडी करत नाही, आणि लबाडी पकडायला न मिळाली तर पत्ते खेळायचे कशाला? मागल्या आठवड्यात नेलिदाने पाववालीबरोबर निरोप पाठवला: "तुझ्या नातीला म्हणावं, आमच्या घरचे चमचेही मोजून जा." मी उलट निरोप पाठवला, की त्यातले दोन माझे आहेत. त्यावर उत्तर नाही. पोरी, नेलिदा उत्तर देत नाही म्हणजे फार झालं. फुटबॉलमध्ये आम्ही जिंकलो तेव्हासुद्धा ती खिडकीतून काहीतरी बोलायचीच.

तुझ्या कामाचं तू मला पहिल्यांदा सांगितलंस तो दिवस आठवतो का? नसेलच. थंडीत आपण मागच्या अंगणात उन्हाला बसलो होतो, संत्री सोलत. तू म्हणालीस, "आजी, आमची माणसं जाऊन त्यांचं कोठार बघतात आणि त्यांची माणसं येऊन आमचं. आपलं आपण नाही बघायचं." मी एवढी हसले की तुला वाटलं चेष्टा करतेय. तू रुसून आत गेलीस. चेष्टा नव्हती गं. दोन देशांतले शिकलेले लोक एवढी वर्षं डोकं खाजवून जिथं पोचले तिथं आम्ही बायका पिठाच्या पिशव्या घेऊन कधीच जाऊन बसलो होतो, म्हणून हसले. या लष्करी टोपीवाल्यांनी लपूनछपून काय काय शिजवायला घेतलं होतं, इकडच्यांनी आणि तिकडच्यांनीही, ते पुढे झिलाने मला पेपरातून वाचून दाखवलं. एक म्हणे, तो करतोय म्हणून मी. दुसरा म्हणे, तो करतोय म्हणून मी. शेवटी म्हणाले, ये बाबा, तूच आत येऊन बघ. हे आधी सुचलं असतं तर किती रात्री लोक नीट झोपले असते.

आमचं काय होतं ते तुला अर्धंच माहीत आहे. आजी चिबो करायची एवढं तू मैत्रिणींना सांगतेस आणि त्या हसतात. चिबो म्हणजे पुलावरची चोरटी ने-आण, पण घरापुरती. तिकडून पीठ, तेल, कांदे. इकडून कॉफी. माझ्या झग्याला आतून चार खिसे होते आणि पीठ भरलं की मी सात महिन्यांची गरोदर दिसायचे. कस्टमवाला दरवर्षी विचारायचा, "दोना जोवेलिना, अजून झालं नाही का बाळंतपण?" त्यालाही घरी पोरं होती, पाच किलोकडे तो बघायचा नाही. पण एखादी बाई हावरी निघाली, पंधरा किलो नेऊन पकडली गेली, की पूल आठ दिवस सगळ्यांनाच कडक व्हायचा. तिच्या हावेपायी चाळीस घरांत भाकरी नाही. म्हणून आम्ही रीत पाडली. पुलावर चढण्याआधी एकमेकींच्या पिशवीत हात घालायचा, कोपरापर्यंत, तळाला बोटं लागेपर्यंत. आणि मुख्य नियम हा, की हात पलीकडच्या बाईचा पाहिजे. आपल्या बाजूची चालणार नाही. आपल्या बाजूची म्हणजे नणंद, नाहीतर जाऊ, नाहीतर जिच्या पोराला आपली पोर द्यायची आहे ती. ती खडा लागला तरी वाटाणा म्हणेल. हात घालून झाला की म्हणायचं, "लिंपा." म्हणजे स्वच्छ, काही नाही. शब्द दोन्हीकडे जवळजवळ एकच, म्हणून तोच ठरला. लिंपा म्हटलं की ती बाई पुलावर जायला मोकळी.

माझ्या पिशवीत हात घालायची नेलिदा आणि तिच्या पिशवीत मी. अशीच आमची ओळख झाली, आधी कोपरापर्यंत आणि मग हळूहळू सगळीच. तिला माझ्या खिशातल्या भोकांचीही माहिती होती. एकदा तिने माझ्याकडे दोन किलो पीठ जास्त पकडलं आणि सगळ्यांदेखत काढून ठेवलं. मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी तीच आली, त्या दोन किलोंचा गोड पाव भाजून. म्हणाली, "रुसायचं तर रूस, पण खाऊन रूस."

आता पुढचं, झिला, जसं सांगते तसं लिही, नीट लावू नकोस.

१९५५ साल. पलीकडे लष्करातल्या लष्करात जुंपली होती, रस्त्यावर बंदुका दिसायच्या, आणि कस्टमवाल्यांच्या जागी शिपाई आले होते. सप्टेंबरातला शुक्रवार. इलारिओ तेव्हा चार महिन्यांचा, नेलिदाच्या अंगावर पिणारा. त्याला घरी बहिणीकडे ठेवून ती कॉफी न्यायला आली होती, दोन तासांत परत जायचं म्हणून घाईत. रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता आणि मी त्याची धर्ममाता होणार होते, तर ती सगळा वेळ माझ्या टोपीबद्दल बोलत होती, ती कशी जुनी आहे आणि मी ती घालून आले तर पाद्री पोराऐवजी मलाच पाण्यात बुडवेल. मी हसत हसत तिच्या पिशवीत हात घातला. वरून कॉफीचे दाणे, खाली दाणे, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. जड. बोटाएवढ्या लांब, गार नळ्या, एका ओळीत रचलेल्या. माझा बाप शिकारीला जायचा. काडतूस हाताला कसं लागतं ते मला अंधारातही कळतं.

तिला ठाऊक नव्हतं. हे मला त्याच क्षणी कळलं, कारण ती अजून टोपीबद्दलच बोलत होती. पिशवी तिच्या इकडे आलेल्या भावाने भरून दिली होती, एवारिस्तोने, जो कोणत्यातरी पक्षात होता आणि ज्याला ती देवासारखा मानायची. मला एवढंच म्हणायचं होतं, नेलिदा, थांब. एकच शब्द. पण मनात आलं, इथं चार बायांसमोर बोलले तर तिची अब्रू जाईल. तिला वाटेल मी तिच्या भावाला चोर म्हणतेय. रविवारचा बाप्तिस्मा मोडेल, मैत्री मोडेल. आणि वाटलं, शिपाई बाईच्या पिशवीत एवढं खोल बघणार नाहीत, आज जाऊ दे, उद्या मी तिला एकटीला गाठून सांगेन. उद्या. मी हात बाहेर काढला, झग्याला पुसला आणि म्हणाले, "लिंपा."

तिला पुलाच्या त्या टोकाला धरलं. दहा महिने कोठडीत होती. एवारिस्तो पळाला तो पुन्हा दिसला नाही. पोराला तिच्या बहिणीने शेळीच्या दुधावर वाढवलं, आणि तोवर मला पूल बंद. नेलिदा सुटून आली तेव्हा इलारिओ चौदा महिन्यांचा झाला होता, भिंत धरून चालत होता. आईने हात पुढे केले तर किंचाळून मावशीच्या झग्यात शिरला. त्या वेळी मी दारातच उभी होते, नवी टोपी घालून. बाप्तिस्मा मग पुढल्या रविवारी झाला. मीच त्याला धरलं होतं.

आणि सोलांज, त्या दिवसापासून नेलिदा एकच गोष्ट सांगत आली आहे. लग्नात, बारशात, मयताला, कोणी त्या दिवसांचा विषय काढला की माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणते, "मेल्याने इतकं खोल लपवलं होतं, की माझ्या जोवेलिनाच्या हातालाही लागलं नाही. तिच्या हाताला लागलं नाही म्हटल्यावर मला काय कळणार?" तूही ऐकलंयस. तू आठ वर्षांची असताना तिला विचारलं होतंस, "आजीच्या हाताला का नाही लागलं?" आणि मी तुला मागे पाणी आणायला पाठवलं होतं. त्रेचाळीस वर्षं ती माझी बाजू घेतेय आणि मी तिला माते, तो पाल्याचा चहा, भरून देतेय, तिला आवडतो तसा, कडू. सांगायचं ठरवलं नाही असं नाही. दर वर्षी ठरवलं. पण जो उद्या पहिल्या दिवशी उगवत नाही तो पुढे कधीच उगवत नाही.

झिलाने लेखणी ठेवली होती. आता पुन्हा घेतलीय. आधी नाक पुसलं. हे पत्र आदेमार वाचणार नाही. या एका खेपेला मी झिलाच्या हातावरच सोडते, आणि तिला म्हटलंय, की काही गाळलंस तर मला कळणार नाही, पण तुला कळेल. म्हणाली, "जोवेलिना, एक अक्षर गाळलेलं नाही." बघू.

तेव्हा तू विचारलंस त्याचं उत्तर. तुझ्या लिहिण्याने इलारिओचा दीड महिना गेला आणि मान खाली गेली. हे खोटं नाही, त्याला लागलंय, आणि तू त्याच्याकडे जाऊन बस, तो ओरडला तरी बस. पण तू थांबली असतीस आणि डबा शेजारच्या खोलीत नसता तर? तुला माहीत नव्हतं तो कुठे आहे. त्यालाही नव्हतं. तुला त्याच्या कोठारात पाठवलं होतं ते तू पलीकडची म्हणून. पलीकडचीनेच मामाकडे बघून लिंपा म्हटलं, तर मग त्यांच्या नणंदा-जावांनाच पाठवावं की. तू त्याच्यावर माया करतेस हे मला दिसतं. मी नेलिदावर करत होते ते तुझ्यापेक्षा कमी नव्हतं, आणि ती माया मी कुठे ठेवून आले ते आता तुला कळलं. नोकरी सोडायची तर सोड, तुझं वय आहे, नवरा मिळेल, दुकान काढशील. पण हे कारण सांगून सोडू नकोस. हे कारण मी तुला वापरू देणार नाही.

आणि हे पत्र लिहायला घेतलं ते खरं तर तुझ्या उत्तरासाठी नाही. ३० तारखेला रविवार आहे, सांता रोझाचा दिवस, नेलिदाचा नामदिवस, कारण बाप्तिस्म्यात तिला या संतिणीचंही नाव दिलं होतं. निरोप नाही, बोलावणं नाही, तरी मी पूल ओलांडून जाणार आहे आणि तिच्या टेबलाशी बसून, इलारिओ समोर असताना, माझ्या हाताला काय लागलं होतं ते सांगणार आहे. ती मला हाकलेल किंवा बसवून घेईल, मला अंदाज नाही. पत्त्यांत तिचा चेहरा मला वाचता येतो, यात नाही येणार. माझी धास्ती वेगळीच आहे. मी दारात पोचेन, ती काहीतरी टोमणा मारेल, मी हसेन, आणि पुन्हा गप्प राहून घरी येईन. मला माझा भरवसा नाही. म्हणून माझ्यासोबत कोणीतरी पाहिजे, ज्याला आधीच सगळं माहीत आहे आणि जो मला अर्ध्यात उठू देणार नाही. झिला पुलावर चढत नाही, तिला उंचीची भीती आहे. तू उरलीस. दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचाच असेल तर इथल्या पोस्टातून दे, तिकीट मी लावीन. येण्याआधी एक कर. तिकडे रिओत, तू राहतेस तिथं, ताज्या नारळाची मऊ वडी मिळते, अंडं घातलेली पिवळी, तळहातात थरथरणारी, ती डझनभर पाठव. कडक, पाकातली नको, नेलिदाला खालचे चारच दात उरलेत. साखरेचा तिला त्रास आहे, म्हणून फार गोड नको, पण अगदी सपकही नको, माझं बोलणं संपेपर्यंत तिचं तोंड भरलेलं राहिलं पाहिजे. शनिवारपर्यंत पोचेल असं बघ. पुठ्ठ्यात बांध, बशीखाली ओलं फडकं घाल, आणि ड्रायव्हरकडे देऊ नकोस, मांडीवर घेऊन बसायला सांग, म्हणजे जो कोणी घेऊन येणार असेल त्याला, आणि तो कोणी तूच आहेस.

तुझीच,
जोवेलिना
(अंगठा माझा, अक्षर झिलाचं)